दहा मीटर अलीकडे

आरशावर स्कीच्या टोकाचा ओरखडा.

धुरावलेल्या मांसाचा वास येणारं हेल्मेट.

सकाळी साडेनऊला नाशपातीच्या दारूचे दोन पेले.

डाव्या स्कीला बोटभर लांब चीर.

ही चीर सीगलिंडच्या स्कीची. सीगलिंड ऑस्ट्रियातल्या टिरोलमधल्या आपल्या गावात पत्रं वाटायची. वय त्रेचाळीस. मार्चमध्ये पलीकडच्या खोऱ्यात चाळिशीपुढच्या हौशी स्कीपटूंची शर्यत होती आणि नवी जोडी मिळाली नाही तर तिला घरी बसावं लागणार होतं. नवी जोडी म्हणजे प्रायोजक. गावात प्रायोजक दोनच, बँक आणि खाटीक. बँकेने आपल्या जाहिरातीसाठी आधीच एक कपाळ घेतलं होतं, पाद्रीबुवांच्या पुतण्याचं.

खाटीक कासिआन ओबवेक्सरने पेले भरले.

"हेल्मेटच्या पुढे फक्त माझं नाव."

"बरं."

"रविवारी गावच्या शर्यतीला साप्ताहिकाचा फोटोवाला येणार आहे. फोटो छापून आला, माझं नाव वाचता आलं, तर स्की तुझी. नाही तर बाई, सॉसेज घे आणि घरी जा."

"आणि नंबर कितवा यायला हवा?"

"नंबर काय उकडून विकायचाय मला?"

शर्यत संपली की पटकन एक स्की काढायची, गालाशी उभी धरायची आणि हसायचं. नामवंतांना हे झोपेतही जमतं. सीगलिंडने आठवडाभर घरातच सराव केला. नवरा विन्झेन्झ घड्याळ धरून उभा.

"चार सेकंद. पण हसतेस अशी, की दाढ दुखतेय वाटतं."

"तू वेळ बघ."

"बघतोय. आरसा कसा वाचला तेही बघतोय."

शुक्रवारी एका आजीबाईंनी पार्सलसाठी दार उघडलं, तर ही पार्सल गालाला लावून हसत उभी.

शेवटच्या रेषेवर गेली तीस वर्षं बँकेचं जाहिरातीचं कापड लागत होतं. म्हणून रविवारी पहाटेच उठून कासिआनने दहा मीटर अलीकडे, बँकेच्या दुप्पट मोठं, आपलं कापड ताणलं.

बर्फ भुरभुरत होतं. सीगलिंड भन्नाट वेगाने खाली आली. तिला समोर लाल अक्षरांत फक्त ओबवेक्सर दिसलं. तिने करकचून ब्रेक मारला, स्की काढली, गालाशी धरली, हसली. तीन सेकंद!

"अगं, चल!" लोक ओरडले. "घड्याळ चालू आहे!"

तिला वाटलं, कौतुक चाललंय. तिने दुसरा गाल दाखवला. सकाळपासून धूसर माणसं टिपून वैतागलेला फोटोवाला धावत आला आणि त्याने अकरा फोटो काढले.

शेवटी विन्झेन्झ कुंपणावरून वाकला. "सीगलिंड, शर्यत अजून खाली आहे गं."

बुटाखाली बर्फ घट्ट बसलं होतं, स्की काही केल्या परत अडकेना. एका स्कीवर लंगडत तिने रेषा ओलांडली. यादीत ती शेवटून दुसरी आली. शेवटचा होता तो वाटेत मेव्हण्याशी बोलत थांबला होता.

गुरुवारी ती दुकानात शिरली ती बोलणी खायच्या तयारीने. वजनकाट्यावर साप्ताहिकाचं पहिलं पान टांगलेलं. पानभर सीगलिंड. जिंकणाऱ्याचं कोपऱ्यात एक पुसट कोपर. काउंटरला नवी जोडी टेकवलेली.

"माझ्या आईने चष्म्याशिवाय वाचलं," कासिआन म्हणाला.

"अरे, मी हरले."

"असू दे! पुढच्या वर्षीचंही ठरवून टाकू. फक्त..." त्याने घसा साफ केला. "त्याच जागी थांबशील?"

तिने नव्या स्कीच्या धारेवरून अंगठा फिरवला. हातमोज्याची लोकर कापली गेली.

"मार्चमध्ये नाही थांबणार."

"तिकडे माझं गिऱ्हाईक कुठाय? तिकडे खुशाल जिंक."

गावच्या शर्यतीच्या त्या रविवारी, कापडाच्या आधीच्या शेवटच्या खांबापाशी घेतलेल्या वेळेत सीगलिंड पहिली होती, पाऊण सेकंदाने.