डबक्यातला नमुना

समितीसमोर चिपवर निळी रेघ उमटली आणि संशोधकाने चिप उजेडात धरून पुन्हा पाहिली. निळी म्हणजे पाणी शुद्ध. यायला हवी होती लाल. बाटलीतलं पाणी प्रयोगशाळेमागच्या डबक्यातलं होतं. त्यात बदकंसुद्धा विचार करून उतरत.

नखाएवढ्या त्या चिपमध्ये त्याची तीन वर्षं गेली होती. केसाहून बारीक वाटांनी थेंब आत सरकायचा आणि दहा मिनिटांत घातक जंतूंचा पत्ता लागायचा. समितीने होकार दिला तर चिप गावोगावच्या शाळांत जाणार होती. नाही दिला तर सगळं मुसळ केरात.

"काल लाल आली होती हो," तो म्हणाला.

"काल आम्ही नव्हतो," अध्यक्षांनी जगमधून पाणी ओतून घेतलं. सकाळपासूनचा त्यांचा हा चौथा पेला.

बैठक सकाळी लवकर होती, म्हणून त्याने आदल्या संध्याकाळी बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. आता त्याच्या मनात पाल चुकचुकली. बाहेर जाऊन त्याने फोन लावला.

"आई, फ्रिजमधल्या बाटलीला हात लावलास?"

"लावणार नाही तर काय! केवढा गाळ होता रे तळाशी. असलं पाणी पिणार होतास ऑफिसात? तुरटी फिरवली, गाळलं, वीस मिनिटं उकळलं आणि निववून परत भरलं."

"अगं, वर चिठ्ठी लावली होती मी!"

"तीपण पुसून परत लावली."

त्याने आत येऊन खरं ते सांगितलं. कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी शेरा लिहायला पेन उघडलं. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"साहेब, एकच संधी द्या. दुसरं कुठलंही पाणी चालेल."

"हे घ्या." अध्यक्षांनी जग पुढे सरकवला. "याचीही निळीच येणार. तुमची चिप सगळ्यालाच निळं म्हणते."

दहा मिनिटं सगळे चिपकडे बघत बसले. मग लाल रेघ उमटली, चांगली ठसठशीत. सदस्यांनी एकेक करून आपापले पेले दूर सारले. एकाने हळूच पोटावर हात ठेवला. संशोधकाला आनंद लपवता येईना, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

अध्यक्षांनी 'मंजूर' लिहिलं, सही केली. त्यांच्या घशाला कोरड पडली होती.

"आईंनी किती वेळ उकळलं म्हणालात?"

"वीस मिनिटं."

अध्यक्षांनी धुतलेला पेला मागवला आणि डबक्याची बाटली आपल्याकडे ओढली.