चाळीस कागदांचा नमस्कार

टाइपरायटरवर सिनेमा काढणारा अख्ख्या खानदेशात मी पहिला! यावर वाद नको.

सन अडुसष्ट. अमळनेरच्या एका तेलाच्या गिरणीत आम्ही दोन टायपिस्ट, मी आणि तोताराम. या तोतारामाने फुल्या आणि ठिपके टाइप करून मालक घेवरचंदशेठचा चेहरा काढला. शेठजींनी तो फ्रेम करून थेट गादीच्या वर लावला! येणारा-जाणारा विचारायचा, "कुणी काढला हो?" आणि तोताराम लाजायचा. माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्यानेही थांबेना.

"त्याचे शेठजी नुसते बसलेत," मी बायकोला म्हटलं. "माझे हलतील! मग ती फ्रेम उतरते की नाही बघ!"

शेठजींच्या मुंबईच्या जावयांनी हातकॅमेऱ्यावर त्यांचा नमस्कार टिपला होता. त्या फिल्मचा तुकडा मी मागून आणला. भिंगातून एकेक चित्र बघायचं, कागदावर चौकटी पाडायच्या, उजेडाला टिंब, अंधाराला अक्षर. आमच्या मशीनवर सगळ्यात काळं कुठलं अक्षर उमटतं, तेही तपासून घेतलं. महिनाभर बोटं बडवली तेव्हा चाळीस कागद झाले. भराभर पानं सोडली की काळ्या टोपीतले शेठजी हात जोडत!

पाडव्याला सगळे पेढीवर जमले. नेमका माझ्या हाताला घाम! पानं चिकटायला लागली.

"द्या इकडे, भाऊ," म्हणत तोतारामाने गठ्ठा घेतला. फर्रर्र!

"देखा, देखा!" शिपाई उखर्डू ओरडला. "शेठजी हात जोडी राहिनात!"

कागदावरचे शेठजी खरंच हात जोडत होते! टाळ्या! "वा, तोताराम!" "कमाल केलीस, तोताराम!" बोटं झिजली माझी आणि वाहवा याची? मी आतल्या आत नुसता जळत होतो.

तेवढ्यात शेठजींनी चष्मा चढवून एक पान डोळ्यांजवळ धरलं. "हे टाइप कोणी केलं?"

तोताराम पानात डोकावला, चपापला आणि घाईघाईने म्हणाला, "आम्ही दोघांनी, शेठजी."

बघा चोर! "साफ खोटं!" मी पुढे उडीच मारली. "मी एकट्याने केलंय! याचं एक अक्षर नाही त्यात!"

"विचार करून केलं?"

"एकेक अक्षर पारखून, शेठजी!"

"मग वाचा." शेठजींनी चित्रातल्या टोपीवर बोट ठेवलं.

मी वाचलं. "ढ... ढ... ढ..."

"मोठ्याने."

"ढ!"

"अख्खं डोकं भरलंय," शेठजी म्हणाले. उखर्डू तोंडात उपरणं कोंबून बाहेर पळाला.

दुसऱ्या दिवसापासून माझं टाइपिंगचं मशीन बंद. पेंडीच्या पावत्या हाताने लिहायच्या! फ्रेम आहे तिथेच आहे.

तोताराम पाण्याचा तांब्या घेऊन आला. "भाऊ, मी तुम्हाला वाचवत होतो हो."

"किती भला माणूस!" सगळे म्हणाले.

बघा ना! चांगलं वागायचंसुद्धा आधी त्यालाच सुचतं!