कर्करोग तपासणीची सभ्य पाटी

बाळांनो, डोळे मिटा आणि एक सरकारी दवाखाना समोर आणा. मिटल्या डोळ्यांनी पुढचं वाचता येणार नाही, तेव्हा एक उघडा ठेवा. फाटकावर पाटी आहे : 'गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोफत तपासणी. फक्त आज, पाचपर्यंत.'

पाटी लागली आणि आरोग्य समितीची तातडीची बैठक भरली. सदस्य सात, सातही पुरुष. "भर रस्त्यात असला शब्द?" अध्यक्ष म्हणाले. 'गर्भाशयमुख' सर्वानुमते झाकण्यात आलं. 'कर्करोग' वाचून लोक घाबरतील म्हणून तोही. नुसतं 'मोफत' पाहून झुंबड उडेल म्हणून तेही, खालच्या वेळेसकट. अखेर 'तपासणी' तेवढी उरली आणि सदस्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

दुपारपर्यंत तिघे आले. दोन आजोबा चष्म्याचा नंबर काढायला आणि एक रिक्षावाला, रिक्षासकट.

साडेचारला चिमणी आईला ओढतच घेऊन आली. चिमणी नऊ वर्षांची. आई शिवणकाम करायची आणि चार महिने तिला अवेळी रक्त जात होतं. मशीनवरून उठताना ती भिंत धरायची.

"ताई, इथे काय तपासतात हो?" आईने विचारलं.

फाटकाशी बसलेल्या नर्सने पाटीवर पहारा देणाऱ्या अध्यक्षांकडे पाहिलं. "ते."

"ते म्हणजे?"

"अहो, तेच. बायकांचं."

"बायकांचं काय? गुडघे?"

अध्यक्ष खाकरले. नर्स नोंदवहीची पानं उलटू लागली.

"चल गं, आपलं इथे काही नाही." आई वळली. तिचं पाहून फाटकाशी घुटमळणाऱ्या पाचसहा बायकाही चालू लागल्या. आत डॉक्टरीणबाई बॅग भरत होत्या. पुढचं शिबिर दोन वर्षांनी.

चिमणी हलली नाही. "नर्सताई, आईला मधेच रक्त जातं. ते इथेच बघतात ना?"

अध्यक्षांना ठसका लागला. नर्सने मात्र वाकून तिच्या कानात पूर्ण नाव सांगितलं.

"एवढंच होय! मला वाटलं, शिवी आहे."

आता खरं सांगा, मघाशी तो शब्द आला तेव्हा तुम्ही मोठ्याने वाचलात, की शेजारी कोण बसलंय ते आधी पाहिलंत?

चिमणीने पाहिलं नाही. आईचा हात नर्सच्या हातात दिला, फाटकावर चढली आणि लांब गेलेल्या बायकांच्या पाठींकडे बघत, पाढे म्हणायच्या आवाजात तो शब्द म्हणत राहिली, पहिली बाई मागे वळेपर्यंत.