न पडलेल्या बास्केटांचे खडे

शंकरतात्या रोज संध्याकाळी बास्केटबॉल बघायला यायचे आणि बॉलकडे कधीच बघायचे नाहीत.

बॉल उजव्या रिंगकडे गेला, सगळ्या माना उजवीकडे वळल्या, की तात्यांची मान डावीकडेच, आमच्या रिंगखाली; बॉल तिथं आला तरी नजर पोरींच्या पावलांवर. नव्या माणसाला वाटायचं म्हाताऱ्याची मान लचकली आहे. एका पालकांनी तर खिशातलं मलम काढून दिलं होतं. तात्यांनी ते ठेवून घेतलं आणि गुडघ्याला लावलं.

तात्या म्हणजे बारामतीतल्या आमच्या क्लबचे जुने ग्राउंडमन. मूळचे मोरगावकडचे. घरची मेंढरं होती तोवर मेंढरांमागं फिरले, मेंढरं विकली तेव्हा कोर्टावर लागले. निवृत्त झाले तरी कोर्टामागची खोली सोडली नाही. बायको नाही, मूलबाळ नाही, जायचं कुठं? पांढरा नेहरू शर्ट, डाव्या खिशात मूठभर खडे, उजवा खिसा रिकामा. समोरच्या संघाची पोरगी रिंगखाली आली आणि बॉल न टाकताच माघारी फिरली, की एक खडा डावीकडून उजवीकडे. तात्यांचे वडील संध्याकाळी परतलेली मेंढरं अशीच खड्यांवर मोजायचे. तात्या न पडलेल्या बास्केटा मोजायचे. पडलेल्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मॅच संपल्यावर कोण जिंकलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी सांगावं लागे.

"जे झालं ते समद्यांस्नी दिसतं, बाई," ते म्हणायचे. "न झालेलं कोण बघतंय? व्हय का न्हाय?"

ही खोड कोर्टापुरती असती तर ठीक. एकदा इंदापूरहून एसटीनं आले आणि उतरताना थेट ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. "राव, निमगावच्या अलीकडं त्यो मोटारसायकलवाला आडवा आला. तुमी त्येला उडीवला न्हाय. लई झ्याक." ड्रायव्हरला वाटलं म्हातारा टोमणा मारतोय. त्यानं स्टँडभर ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या. तात्या खूश. "शिव्या दिल्या, पर हात उगारला न्हाय," म्हणाले, आणि खडा इकडचा तिकडं. लग्नात कुणी विचारलं, तात्या, जेवण कसं झालं, तर म्हणणार, "दोन दिस थांबा. कुणाचं पोट बिघाडलं न्हाय, तर सांगतो."

माझ्याही वाटेला हे आलंच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायची मला सवय नाही. क्रीडाशिक्षिकेची नोकरी पक्की झाली तेव्हा मी कोर्टावर पेढे वाटले. सगळे म्हणाले, वा! तात्या पेढा हातात धरून म्हणाले, "तुमच्या संगं शाळंत किती पोरी हुत्या, बाई?"

"एकवीस."

"मग बाकीच्या ईस कुठं हायेत?"

मी पेढ्यांचा डबा बंद केला आणि पुढे गेले. राग आला होता.

यंदा आमची सेंटर पोलिसात भरती झाली आणि तिची जागा रिकामी पडली. सेंटर म्हणजे रिंगखाली उभी राहणारी, संघातली सगळ्यात उंच पोरगी. जागा म्हणजे क्लब चालवणाऱ्या संस्थेकडून हॉस्टेल, दोन वेळचं जेवण आणि कॉलेजची फी. एकच जागा. दोन मुली आल्या. इंदापूरची ऋतुजा, कुठूनही बॉल टाकणारी. आणि शेळगावची मनीषा, एकोणीस वर्षांची, सहा फूट एक इंच, दारातून वाकून आत आलेली.

मनीषाबरोबर तिचे वडील होते. त्यांनी आडवळण घेतलं नाही. "आज झालं तर झालं, मॅडम. न्हाय तर उद्यापास्नं लोणी देवकरला कंपनीत. पॅकिंगला. कंत्राटदाराला सांगून ठेवलंय." गेटपासचे फोटोसुद्धा काढून आणले होते. ते त्यांच्या वरच्या खिशातून दिसत होते.

मी मनीषाला विचारलं, "बास्केट टाकायचा सराव करतेस ना?"

ती खाली बघून म्हणाली, "करते, पर बॉल माज्या हातात आला की भ्या वाटतं, मॅडम. दुसऱ्याच्या हातात असला की न्हाय वाटत."

चाळीस मिनिटांची मॅच लावली. ऋतुजा एका संघात, मनीषा दुसऱ्यात. ऋतुजानं लांबून लांबून अठरा पॉइंट केले. मनीषानं दोन, तेही बॉल बोर्डावरून तिच्याच हातात पडला आणि आता काय करावं म्हणून तिनं वर ढकलला तेव्हा. बाकी वेळ ती रिंगखाली हात वर करून उभी. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. समोरच्या पोरी आत यायच्या, तिला बघायच्या आणि बॉल मागं द्यायच्या.

निवड समितीत आमचे कोच काळे सर आणि मी. तात्यांना मत नव्हतं, खुर्ची होती. काळे सरांनी टेबलावर स्कोअरशीट पसरली. तात्यांनी तिच्या शेजारी उजवा खिसा उलटा केला. चहाच्या कपांमध्ये खडे गडगडले.

"एकतीस," तात्या म्हणाले.

"तात्या, बास्केटबॉलमध्ये बास्केट टाकायची असते," सर म्हणाले. "बरं, बचाव म्हणता, तर तिनं अडवलेले बॉल किती? शून्य. हे बघा, कागदावर आहे."

"आडवंल कशाला? कुणी टाकलाच न्हाय तर! कुत्रं दारात हुबं हाय म्हटल्यावर लांडगा आत येतोय का? चावलं न्हाय म्हणून काय कुत्रं बेकार?"

"पोरीला कुत्रं म्हणू नका, तात्या."

"माज्याजवळ त्येच्यापरीस मोठं कौतुक न्हाय, सर."

मी हसले. सरही हसले. मग म्हणाले, "आता काय, हे खडे पाकिटात घालून जिल्ह्याला पाठवू? मॅडम, संस्थेला कप दिसतो. यंदा कप नाही आला, तर ही जागा पण जाईल. सही तुमची आहे. करा."

तात्या माझ्याकडे बघत होते.

खरं सांगते. मनीषा समोर असताना त्या पोरींची पावलं कशी अडखळत होती, ते मीही पाहिलं होतं. पण मी मार्कांवर वर आलेली बाई. माझ्या आयुष्यात जे काही मिळालं ते कागदावर लिहिलेलं होतं म्हणून मिळालं. खड्यांवर सही करायचं धाडस मला झालं नाही. मी ऋतुजाचं नाव लिहिलं.

बाहेर जाऊन मीच सांगितलं. मनीषाचे वडील म्हणाले, "बरं. मग सकाळची पाळी गाठंल." आवाजात राग नव्हता. मनीषा माझ्या पाया पडली. का पडली, मला अजून कळलेलं नाही. आत आले तर तात्या एकेक खडा वेचून रुमालात बांधत होते.

सोमवारी तात्या कोर्टावर दिसले नाहीत. मंगळवारी आले, रेषा आखायला बसले. मी विचारलं, "कुठं गेला होता?"

"शेळगावला. पोरगी पाळीवरनं घरी येईस्तवर बसलो. खडं दिलं तिला. म्हणलं, ह्ये तुजं हायेत, एकतीस."

"ती काय म्हणाली?"

"मोजलं तिनं." चुन्याची दोरी ताणत ते थांबले. "कुणीतरी सांगाया पायजे, बाई. माजी थोरली भन हुती, गंगू. अशीच उंच ढांग. सांज झाली की काठी घिऊन कळपाच्या आंगाला हुबी ऱ्हायची. सात वरसं. एक कोकरू गेलं न्हाय. कुणी तिला काय म्हणलं न्हाय. म्हणायचं काय? काय झालंच न्हवतं. मग तिचं लगीन झालं. दुसऱ्याच म्हैन्यात अकरा कोकरं गेली. बा म्हणला, यंदा लांडगं माजलं."

"आणि तुम्ही?"

"मी बी तेच म्हणलो. ध्यानात आलं, तवर पाच-सा वरसं गेली. सांगाया तिच्या सासरी गेलो, तर ती न्हवती. आदल्याच साली बाळंतपणात गेली."

मग दोरी सोडली आणि चुन्याचे हात झटकत उठले.

मी म्हणाले, "तात्या, माझं चुकलं."

"व्हय," ते म्हणाले. मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

जिल्ह्याच्या स्पर्धेची पहिलीच मॅच आमच्या कोर्टावर झाली. ऋतुजा छान खेळली. तिचा काही दोष नाही. पण समोरच्या पोरी आमच्या रिंगखाली अशा येत होत्या, जणू आपल्या घरच्या ओसरीवर. कुणी थबकत नव्हतं, कुणी मागं वळत नव्हतं. काळे सर ओरडून ओरडून खाली बसले. मी तात्यांकडे बघितलं. ते खांबाजवळ नेहमीच्या जागी होते. दोन्ही खिसे सपाट. बॉल उजवीकडे गेला, तशी त्यांची मान उजवीकडे गेली. डावीकडे आला, तशी डावीकडे. चारचौघांसारखी.

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. दोघंही बॉलकडे बघत राहिलो.

"बाई," तात्यांनी विचारलं, "किती झालं?"

आमच्या चौदा वर्षांच्या ओळखीत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मी फळ्यावरचा आकडा वाचून सांगितला.