रांजणावरचा अंगठा

आमच्या तालुक्यात मूल कोऱ्या बोटांनी जन्मतं आणि बोटांवरच्या रेषा त्याला ठसे कचेरीतून मिळतात. माणूस वारला की त्याच्या रेषा कचेरीत जमा होतात, लिफाफ्यात राहतात आणि पुढे नव्या मुलाला दिल्या जातात.

माझी नात यमी सहा महिन्यांची व्हायला एक दिवस उरला, तरी तिची बोटं कोरीच होती. हातात दिलेला खुळखुळा निसटायचा, आईचा पदरसुद्धा निसटायचा. सहा महिने पुरे झाले की कातडी पिकते, मग रेषा धरत नाहीत. आमच्या आळीतल्या एका शिंप्याचं तसंच झालं. साठीचा माणूस, पण पाण्याचा पेला अजून दुसऱ्यानं तोंडाला लावावा लागतो. आणि आमचं तर घर कुंभाराचं. यमीच्या हातात माती कशी राहणार?

माझी बायको गजरा तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या दहाही बोटांच्या रेषा कचेरीत होत्या आणि त्या यमीलाच मिळायच्या होत्या. पण अर्ज शेरा मारून परत आला: मयताचा एक ठसा बाहेर शिल्लक आहे, तो कचेरीसमोर नष्ट करावा.

तो ठसा आमच्या दारातल्या रांजणाच्या गळ्यावर होता. चाकावरून मडकं कापायचा दोरा एकदा माझ्या हातून निसटला आणि गजराचा अंगठा कापला. तिनं तोच अंगठा शेजारच्या ओल्या रांजणावर दाबला आणि म्हणाली, "ही तुमची करणी. आता जन्मभर बघत पाणी प्या." मग माझं तोंड बघून हसली. "अहो, एवढंसं तर आहे. भरेल."

"आबा, रांजण काय, दुसरा घडवाल," माझी मुलगी सुलन म्हणाली.

"रांजण घडवीन. अंगठा कुठला आणू?"

सुलनच्या कडेवरची यमी तिची वेणी धरू बघत होती आणि वेणी सारखी निसटत होती. मी रांजण हातगाडीवर चढवला.

कचेरीत ठशांच्या अभ्यासाचा इतिहास एका फळ्यावर लिहिलेला आहे. काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी उभं राहून तो म्हणायचा असतो. मला अक्षरं फारशी लागत नाहीत, पण तो पाठ आहे. पूर्वी ज्योतिषी बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजत. मग बंगालात एका साहेबानं करारावर पंजा उमटवून घेतला. मग पोलिसांनी ठशांची वर्गवारी लावली. मग रेषांचा साठा मोजला गेला आणि तो कमी भरला. एवढं म्हणून आम्ही खाली बसलो.

वझरकर मॅडम खुर्चीतून उठल्या. "आजोबा, हातोडी आणलीत की कचेरीची देऊ?"

"मॅडम, आधी बघा तरी."

"बघून काय करू? दोन माणसांचे अंगठे सारखे निघाले तर हा सगळा फळा पुसावा लागेल मला."

मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "फोडा की बाबा! आमच्या पोरांना काय लग्नात रेषा लावायच्या?"

मी रांजणाच्या गळ्यावर हात ठेवला. "किती खुणा जुळल्या म्हणजे तोच अंगठा धरता?"

"बारा."

"मग मोजा."

मॅडमनी गजराच्या ठशांचा कागद टेबलावर ठेवला, भिंग घेतलं आणि रांजणापुढे खाली बसल्या. कुठे रेषेला फाटा होता, कुठे रेष तुटली होती, कुठे चक्राचा डोळा होता. त्या एकेक खूण मोठ्यानं मोजत होत्या आणि रांग त्यांच्यामागून म्हणत होती. अकरापर्यंत सगळं जुळलं. बारावी खूण दोऱ्याच्या कापाखाली गेली होती. कागदावर काप नव्हता. जखम भरल्यावर रेषा जिथल्या तिथे आल्या होत्या.

त्यांनी तीनदा मोजलं. सुलननं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"अकरा," मॅडम म्हणाल्या. "अकराला कचेरी ओळख देत नाही."

"मग हा अंगठा कुणाचा?"

"कुणाचाच नाही. तसा शेरा मारते. चालेल ना?"

"मारा," मी म्हणालो. "कुणाचा ते मला ठाऊक आहे."

हातोडी कपाटात गेली. लिफाफा फुटला. ओल्या कापसानं मॅडमनी दहाही बोटांवर रेषा बसवल्या, फुंकर घातली आणि पकड तपासायला भिंग पुढे केलं. यमीनं ते धरलं. मॅडमनी ओढलं. यमीनं सोडलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, तरी नाही.

रांगेत टाळ्या पडल्या. मघाचा ओरडणारा खुर्चीवर चढला. "अगं पोरी, मॅडमना पण घरी घेऊन जा!"

मॅडमनी घाम पुसला आणि वहीत लिहिलं: पकड उत्तम, भिंग परत आले नाही.

घरी येऊन मी रांजण जागेवर ठेवला, काठोकाठ भरला आणि यमीला जवळ घेतलं. भिंग डाव्या हातात तसंच ठेवून तिनं उजवा अंगठा आजीच्या अंगठ्याच्या खळग्यात घातला.

अजून बराच सैल बसतो.

भरेल.