पोस्टरवरचे कुशाबा

पोस्टर कसं असावं हे ऋत्विकला मुंबईत कळलं होतं, आणि कळलेलं पोटात ठेवायची त्याला सवय नव्हती. एकच चित्र, भोवती मोकळी जागा, बघणाऱ्याला प्रश्न पडला पाहिजे, असं कापडे गावात भेटेल त्याला तो ऐकवायचा. त्याच्या 'डोंगराआडचं घर' या पहिल्या सिनेमाला महाडच्या थेटरात एक खेळ मिळाला होता. भरला तर आठवडाभर चालवू, नाहीतर संध्याकाळी उतरवू, असं मालकाने तोंडावर सांगितलेलं. तीन वर्षांची मेहनत त्या एका दुपारवर टांगलेली होती.

पोस्टरवर त्याने काळा डोंगर काढला आणि कोपऱ्यातल्या खिडकीत मिणमिणता उजेड. महाडला फ्लेक्स छापणाऱ्या दीपकने तोंड वाकडं केलं. त्याचं सगळं आयुष्य लोकांच्या वाढदिवसांवर गेलेलं. एवढी जागा मोकळी सोडली तर लोक श्रद्धांजली समजून सांत्वनाला येतील, असं त्याचं म्हणणं पडलं.

पोस्टर मोबाइलवरून गावात पोचलं आणि कुशाबा बिथरले. सिनेमातलं घर त्यांचं, गोठा त्यांचा, शूटिंगच्या पंधरा दिवसांचा चहा त्यांच्या चुलीवरचा.

"घर माझं हाय, आन् मी कुठं हाय?"

"काका, तुम्ही सिनेमात नाही आहात," ऋत्विक म्हणाला.

"सिनेमात नाय रे. पोस्टरवर."

याचं उत्तर मुंबईत शिकवत नाहीत. कुशाबा रुसले तर गावातलं एक माणूस थेटराकडे फिरकणार नाही, म्हणून त्याने त्यांचा गोल फोटो डोंगरावर चिकटवला. मग बैल देणारा हैबती का नको? गावाच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी उपाध्यक्ष? दीपक खुशीत येऊन एकेकाला गॉगल चढवत होता. शेवटी चाळीस डोकी झाली, डोंगर बुजला, खिडकी हैबतीच्या मिशीखाली गेली. नायिकेला जागाच उरली नाही.

खेळ मात्र खच्चून भरला. ज्याचा फोटो, त्याचं सगळं बिऱ्हाड हजर. पोस्टरवर आहे तो पिच्चरमध्ये असणारच, एवढी अक्कल सगळ्यांना होती. कुशाबांची बायको बनुबाई तर नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. गोठा दिसला, बैल दिसला, सिनेमा संपला.

"तुमी कुठं होता वो?" तिने बाहेर चारचौघांत विचारलं.

खोटं पडणं कुशाबांना जन्मात जमलेलं नाही. "मधी एकदा येतो की. तुझा डोळा लागलेला."

बाकीच्या एकोणचाळीस जणांनी ते ऐकलं आणि आपापल्या घरी तेच सांगितलं.

सिनेमा आठवडाभर भरून चालला. खिडकीतल्या उजेडाबद्दल ऋत्विकला एकानेही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी थेटराच्या पायरीवर बनुबाई दिसली. तिची ही चौथी खेप. ऋत्विकला राहवेना.

"काकू, खरं सांगतो, काका सिनेमात नाहीत."

"ते मला पैल्याच दिवशी कळलं रे," ती शांतपणे म्हणाली. "चाळीस वर्सं थापा ऐकतेय. आता दर खेपेला त्यास्नी शेजारी बसवते, आन् दर दहा मिंटांनी इचारते, आता येताय का म्हणून."

मागून कुशाबा दोन तिकिटं धरून, मान खाली घालून पायऱ्या चढत होते.