गोंडाजीचा अर्धा खोपा

बसा बाळांनो, आणि कान जरा इकडे करा. एका जंगलात ओढ्यावर वाकलेली एक बाभूळ होती. त्या बाभळीवर गोंडाजी नावाचा सुगरण पक्षी खोपा विणत होता.

सुगरणींची एक रीत असते. नराने अर्धा खोपा विणायचा. मग मादीने येऊन काड्या ओढून बघायच्या, आत बसून बघायचं. पसंत पडला तर नराने तो पुरा करायचा. गोंडाजीचा खोपा सगुणाने पसंत केला होता. गोंडाजी हवेतच होता.

जाताना सगुणा म्हणाली होती, "आभाळ भरायच्या आत येते. दार तेवढं विणून ठेवा."

आता जंगलाचीही एक रीत होती. शेजाऱ्याकडून पळसाचा द्रोण आला, की तो रिकामा परत करायचा नाही. पूर्वी द्रोणातून जांभळं यायची, करवंदं यायची. पण अलीकडे जंगल सुधारलं होतं. आता द्रोणातून प्रेरणा येत असे.

पहिला आला बुलबुल.

"गोंडाजीराव, हे गाणं ऐकाच. मी रोज पहाटे ऐकतो. माणूस आतून बदलतो."

"पण आपण पक्षी आहोत," गोंडाजी म्हणाला.

"बघा! अजून स्वतःला मर्यादा घालताय!"

गोंडाजी भिडस्त. त्याने चोचीतली काडी खाली ठेवली आणि गाणं ऐकलं. गाणं खरंच छान होतं. पण बुलबुलाचा द्रोण कशाने भरायचा? म्हणून त्याने सुतारपक्ष्याचं खोडावर कोरलेलं 'टोचत राहा' हे पुस्तक वाचलं आणि ते बुलबुलाला सुचवलं. मग सुतारपक्ष्याचं देणं लागलं. ते फेडायला मैनेला तोंडपाठ असलेलं घुबडगुरुजींचं व्याख्यान ऐकून घेतलं. मग मैनेचं लागलं. अशी गोंडाजीची वाढ झपाट्याने होऊ लागली. खोपा मात्र होता तिथेच राहिला.

शेजारच्या फांदीवर रावबा नावाचा दुसरा सुगरण होता. तो ठार बहिरा. त्याच्याकडे कुणी द्रोण नेत नसे, नेऊन उपयोग काय? कुणी पसंत करायची वाट न बघता तो आपला विणत बसे. गोंडाजीला त्याची कीव यायची. बिचाऱ्याचा विकास कधी व्हायचा!

आणि एके दिवशी सगुणा आली.

"अहो, दार कुठंय?"

गोंडाजीने डोळे मिटले. "सगुणे, दार आपल्या आतच असतं."

"आत अंडी आहेत माझ्या. ती बाहेर यायचीत. ती कुठं ठेवू?"

"त्यावर मैनेकडे फार सुंदर व्याख्यान आहे. तू ऐकच."

सगुणा काही ऐकायला थांबली नाही. ती उडाली ती थेट रावबाच्या खोप्यात जाऊन बसली. त्या खोप्याला दार होतं.

गोंडाजीला फार वाईट वाटलं. एवढं ऐकलं, एवढं वाचलं, तरी छातीत दुखायचं ते दुखलंच. तेवढ्यात बुलबुल विरहाचं गाणं घेऊन हजर झाला. गोंडाजीने ते ऐकलं आणि तो आणखी रडला. पण द्रोण तर परत करायला हवा! आता सुचवायला काही उरलं नव्हतं. म्हणून त्याने आपलंच दुःख द्रोणात घातलं. खोपा कसा राहिला, सगुणा कशी गेली, सगळं सांगितलं.

"वा! हे सगळ्या जंगलाने ऐकायला हवं!" बुलबुल म्हणाला.

संध्याकाळी बाभळीखाली ही गर्दी. व्याख्यानाचं नाव 'अर्ध्या खोप्याचं सौंदर्य'. ते ऐकून दोन तरुण सुगरणांनी घरी जाऊन आपापल्या खोप्यांची दारं उसवली. घुबडगुरुजींना कुणी विचारेना.

मग आभाळ भरलं आणि कोसळलं. गोंडाजी अर्ध्या खोप्यात चिंब भिजत बोलत होता. शेजारी सगुणा कोरड्या अंड्यांवर बसून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले. तिने रावबाला पंखाने ढोसलं.

"बघा, किती छान बोलतात! नाहीतर तुम्ही. सदान् कदा काड्या!"

रावबाला ऐकू आलं नाही. तो खोप्याचं बूड घट्ट करत होता.

तात्पर्य: राहायला बहिऱ्याचा खोपा बघावा आणि ऐकायला बेघराचं व्याख्यान लावावं. गोष्ट आवडली असेल, तर माझा द्रोण रिकामा परत करू नका. तुमच्याकडे एखादं छानसं गाणं असेलच.